नात्याचा रकाना

आमच्या कंपनीत त्यांना सगळे थांबाबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं. टेलिफोनच्या बोर्डावर त्या बावीस वर्षं बसल्या आणि तेवढी वर्षं त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे: "थांबा, देते." म्हणजे लाइन देते. बाहेरच्या माणसाने फोन करून कोणाची चौकशी केली की हे दोन शब्द ऐकू येत आणि मागोमाग खट्ट असा आवाज. या दोन शब्दांत इतकी खात्री असे की तावातावाने फोन करणारा माणूसही निमूट थांबे.

बोर्डाची खोली जिन्याखाली होती. खिडकी नाही. एक उंच खुर्ची, तिच्या पाठीला बांधलेली जुनी उशी, बशीने झाकलेला पाण्याचा पेला आणि घशासाठी लवंगांची डबी. कंपनीतली सगळी भांडणं, उसने मागणं, लग्नं ठरणं त्यांच्या कानांवरून गेलं असणार. पण बाहेर एक अक्षर आलं नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणत, "बोर्डावर बसणाऱ्या बाईचा एक कान कंपनीचा असतो आणि दुसरा बहिरा."

मी फंड विभागात. नोकरमाणसाचा निवृत्तीचा फंड, त्याचे फॉर्म, त्याच्या फायली, हे माझं एकतीस वर्षांचं काम. आणखी सात महिन्यांनी मीही निवृत्त होईन. माझ्या टेबलावरून अपुरा कागद पुढे जात नाही, अशी माझी ख्याती होती. ती मला आवडत असे.

मग बोर्ड गेला आणि आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. त्यातून एक तयार रेकॉर्ड केलेली बाई 'अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा' असं सांगू लागली. थांबाबाईंनी साहेबांना विचारलं होतं म्हणे, की निदान तो आवाज तरी माझा घ्या. साहेब म्हणाले, यंत्राबरोबर आवाज येतोच. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "बघा, माझा आवाज पगारात मिळत होता तो नको झाला आणि हिचा विकत आणला."

त्यांना आवक-जावकचं टेबल दिलं. ते माझ्या टेबलापासून चार पावलांवर. येणारं प्रत्येक पत्र आणि जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या रजिस्टरातून जाई. अक्षर छापल्यासारखं. मला ते रजिस्टर बघून बरं वाटे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. दोन खोल्यांत एकट्या राहत. एक धाकटा भाऊ होता, दुसऱ्या गावी, पण त्याचा विषय त्या काढत नसत.

बोर्ड गेल्यावर वर्षभराच्या आत त्यांनी नवा उद्योग शोधला. गावात अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणारी एक छोटी नोंदणीकृत संस्था होती. संस्था म्हणजे काय, तर भाड्याची एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या जुन्या गोधड्या, एक मायक्रोफोन आणि कपाटभर रेकॉर्डिंग. ती चालवणारे मास्तर स्वतः जन्मांध. बाई पहिल्यांदा गेल्या आणि "वाचायला येऊ का?" एवढंच बोलल्या, तर मास्तर म्हणाले, "तुम्ही मला वीस वर्षांपूर्वी तीनदा थांबा म्हणाला होतात." मास्तरांनी तेव्हा आमच्या कंपनीत नोकरीसाठी फोन केले होते. नोकरी मिळाली नाही, पण आवाज लक्षात राहिला. बाई ही गोष्ट सांगताना पोट धरून हसत. "लाइन दिलीच नाही हो मी त्यांना. आता फेडते आहे."

दर शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी त्या वाचत. इतिहास वाचला, कायदा वाचला, शरीरशास्त्र वाचलं. सोमवारी आल्या की त्यांचा घसा बसलेला असे आणि चेहरा मात्र उजळलेला. त्यांनी वाचलेल्या पुस्तकांवर अभ्यास करून दोघे वकील झाले होते आणि एक मुलगी शिक्षिका. तिघे त्यांना आवाजाने ओळखत होते. चेहऱ्याने कोणीच नाही.

ज्यांची निवृत्ती तीन वर्षांच्या आत आली आहे त्यांना जमवून मी दर वर्षी तासभर माहिती देतो. कोणते कागद हवेत, काय कुठे ठेवावं वगैरे. त्यात एक गोष्ट मी नेहमी ठासून सांगतो. मृत्युपत्र घराला चालतं, बँकेतल्या ठेवीला चालतं, दागिन्याला चालतं. आपल्या कंपनीच्या फंडाला चालत नाही. फंड नॉमिनेशन फॉर्मवर जातो. फॉर्मवर ज्याचं नाव, त्याला पैसे. नोकरीला लागताना आईचं, भावाचं नाव लिहिलेलं असतं आणि मग माणसं जन्मभर त्या फॉर्मकडे बघत नाहीत. तेव्हा आधी ते नाव बघा.

त्या वर्षी बाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. संपल्यावर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की त्यांना सगळं त्या वाचनाच्या खोलीला द्यायचं आहे. खोलीचा मालक जागा विकायला निघाला होता. फंडाची रक्कम मिळाली तर संस्थेला ती विकत घेता येणार होती. बाईंचा रक्तदाब वाढलेला होता, त्या म्हणाल्या, "निवृत्त होईपर्यंत राहिले तर माझ्या हाताने देईन. नाही राहिले तरी गेलं पाहिजे."

मी विचारलं, फॉर्मवर सध्या कोणाचं नाव आहे. भावाचं, त्या म्हणाल्या. मी सहज म्हणालो की त्यांना विचारलंत का?

"त्याला माझ्या पैशाची गरज नाही," बाई म्हणाल्या. "आणि माझीही नाही."

मी त्यांना रीतसर सल्ला दिला. वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या आणि त्यात ठेव, पुस्तकं, घरातलं सामान लिहा. फंडाचा उल्लेख त्यात नको, कारण त्याचा उपयोग नाही आणि उगाच गोंधळ होतो. फंडासाठी नवा फॉर्म भरा. त्यांनी महिन्याभरात मृत्युपत्र केलं, जसं सांगितलं तसं. सल्ला चुकीचा नव्हता. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, फक्त इतक्या जोरात सांगणार नाही.

आमच्या फॉर्मला पाच रकाने आहेत. अनुक्रम, नॉमिनीचं नाव, पत्ता, नाते, हिस्सा. बाईंनी फॉर्म नेला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि चौथ्या रकान्यापाशी अडल्या.

"फंडवाले, त्या खोलीशी माझं नातं काय लिहू?"

मी मान वर न करता म्हणालो, जे असेल ते लिहा.

"आहे काहीतरी. पण त्याला शब्द नाही."

"शब्द नसेल तर फॉर्म पुढे जाणार नाही, बाई."

त्यांनी तिथे एक आडवी रेघ मारली आणि फॉर्म दिला. मी तो नियमाप्रमाणे परत पाठवला. सोबत लाल शाईत शेरा: 'रकाना ४ अपूर्ण. पूर्तता करून द्यावे.' आता आमच्याकडे परत जाणारा कागद जावक रजिस्टरातूनच जातो, मग तो चार पावलांवर का जाईना. त्यामुळे बाईंनी स्वतःच्याच नावाचं पत्र जावकमध्ये चढवलं, मग आवकमध्ये घेतलं आणि रजिस्टर उचलून मला दाखवायला आल्या. "आज मीच मला पत्र पाठवलं आणि मला मिळालंसुद्धा. पोस्टाला जमेल का इतक्या लवकर?" सगळा विभाग हसला. मीही हसलो.

दुसऱ्यांदा त्यांनी रेघ खोडून 'वाचक' असं लिहिलं. मी पुन्हा शेरा मारला: 'वाचक हे नाते नव्हे.' हा शेरा वाचताना त्या हसल्या नाहीत. कागद थोडा दूर धरून बघत राहिल्या. मग दोन-तीन दिवस त्यांनी ज्याला त्याला विचारलं. दारावरचा पहारेकरी म्हणाला, मावशी लिहा, मावशी कुठेही खपते. बाई म्हणाल्या, खोलीला मावशी कशी असेल? मास्तरांनाही विचारलं. मास्तर म्हणाले, सोयरीक लिहा.

"मग लिहा की," मी म्हणालो.

"तुम्ही परत लाल शाई काढाल." त्यांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. "सुचेल काहीतरी. थांबा, देते."

मी थांबलो. वर्षअखेरीचं काम निघालं, तेव्हा मी त्यांना आठवण करून दिली नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. पाच आठवडे तो फॉर्म ड्रॉवरमध्ये राहिला.

एका गुरुवारी बाई आल्या नाहीत. न कळवता रजा त्यांनी कधी घेतली नव्हती. अकराच्या सुमारास त्यांच्या शेजारणीचा फोन आला. तिला आमच्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागला होता, कारण यंत्रातल्या बाईने तिला चार वेळा वेगवेगळे आकडे दाबायला लावले. थांबाबाई पहाटे गेल्या होत्या. निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्यांचा ड्रॉवर मी आणि आमचे व्यवस्थापक मिळून उघडला. लवंगांची डबी, दोन पेनं, खोडरबर आणि तो फॉर्म. नाव स्वच्छ, पत्ता स्वच्छ, हिस्सा 'संपूर्ण', सह्या जागेवर. चौथा रकाना कोरा. इतक्या वेळा लिहून खोडला होता की तिथे कागद झिजला होता आणि उजेडात धरला तर पलीकडचं दिसत होतं.

परत पाठवलेला फॉर्म म्हणजे न आलेला फॉर्म. मी जुनी फाइल काढली. चौतीस वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर त्यांचंच अक्षर, जरा कोवळं. भावाचं नाव, आणि चौथ्या रकान्यात 'भाऊ'. तिथे कुठे अडायचं कारणच नव्हतं. मी भावाला पत्र पाठवलं, त्यांनी कागद पाठवले, सगळे पूर्ण होते. मी सही केली आणि रक्कम गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, कार्यभार सोपवायची तयारी म्हणून मी मागचं कपाट आवरायला घेतलं. तळाशी दोरीने बांधलेला जुन्या छापील नॉमिनेशन फॉर्मांचा गठ्ठा निघाला. एकोणीस वर्षांपूर्वी हे फॉर्म संपत आले, तेव्हा छापखान्याने दर फार सांगितला. मी सुचवलं की पुन्हा छापण्यापेक्षा झेरॉक्स काढू, पुढच्याच बाजूच्या, भरायची बाजू तेवढीच आहे. स्टेशनरीत बचत केल्याबद्दल मला तेव्हा कौतुकाचं पत्र मिळालं होतं. ते अजून माझ्या फाइलला आहे.

गठ्ठ्यातला फॉर्म मी उलटा केला. मागे बारीक अक्षरात अकरा सूचना होत्या. सातवी अशी: 'नॉमिनी व्यक्ती नसून नोंदणीकृत संस्था असल्यास रकाना ४ भरू नये.'

भरू नये.

म्हणजे बाईंनी पहिल्यांदा रेघ मारून दिला तेव्हाच फॉर्म पूर्ण होता. आवक रजिस्टरात त्यांच्या हाताने चढलेला होता. एकतीस वर्षांत एकाही माणसाने संस्थेचं नाव लिहिलं नव्हतं, म्हणून मला ती सूचना कधी लागली नाही. आणि ज्या वर्षी लागली त्या वर्षी ती कपाटाच्या तळाशी होती.

मी फॉर्म घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, पैसे गेले, आणि हातात आहे तो फॉर्म खोडलेला आहे. आता भावाने आपणहून दिले तरच काही होईल. मास्तरांकडेही गेलो. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"साहेब, मला कुठलाही कागद कोणीतरी वाचून दाखवतं," ते म्हणाले. "आणि ते दोन्ही बाजू वाचतात."

खोली सोडायला दोन महिने उरले होते. त्या शनिवारी मी बसने भावाच्या गावी गेलो. बॅगेत बाईंचा झिजलेला फॉर्म आणि मागच्या सूचनेची प्रत. काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवलं होतं, मुद्द्यांसह. चूक माझी आहे, तुमच्या बहिणीची इच्छा ही होती, हा पुरावा, पुढचं तुमच्या मनावर.

भाऊ पन्नाशीचे, पाणीपुरवठा खात्यात नोकरीला. बैठकीची खोली नीटनेटकी, कोपऱ्यात जुना फोन. त्यांनी मला हात धरून बसवलं, ऑफिसातून कोणी आलं याचंच त्यांना अप्रूप होतं. वहिनी चहा ठेवून गेल्या. मी बॅगेची चेन उघडली तेवढ्यात ते म्हणाले, "ताई आणि मी चौदा वर्षं बोलत नव्हतो. तुम्हाला माहीत असेल."

मी म्हणालो, एवढंच माहीत आहे.

मग त्यांनी सांगितलं. आई त्यांच्याकडे असे. तिचं एकदम जास्त झालं तेव्हा त्यांनी ताईला कंपनीत फोन केला. "मी म्हणालो, ताई, मी बोलतोय. ती म्हणाली, थांबा, देते." ते थोडं हसले. "मला 'थांबा' म्हणाली, साहेब. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिने मला अंगाखांद्यावर वाढवलेलं. जन्मात कधी तिने मला अहो-जाहो केलं नव्हतं. मला वाटलं, हिला माझा आवाजसुद्धा ओळखू आला नाही. मी फोन ठेवून दिला."

बोर्डावर त्या वेळी चार लाइनी वाजत असणार. बाईंनी दोन मिनिटांनी आपणहून फोन केला, पण भावाने घेतला नाही. बातमी बाईंना भावाच्या शेजाऱ्यांकडून कळली. त्या पोचल्या तेव्हा आई गेलेली होती. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, तुला आईपेक्षा बोर्ड मोठा. बाई आल्या पावली परत गेल्या.

"दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं मला?" ते म्हणाले. "नंतर पत्र लिहावंसं वाटे. मग वाटे, तिने मला टाकलंय, कशाला लिहा. आणि मग तुमचं पत्र आलं." त्यांनी उठून कपाटातून ते काढलं. घडीवर घडी घालून जपलेलं होतं. खाली माझी सही. "तिने माझं नाव काढलंच नव्हतं. एक ओळ खोडायला किती वेळ लागतो?"

किती लागतो ते मला ठाऊक होतं. माझा हात बॅगेत होता आणि बोटांना तो कागद लागत होता.

"मृत्युपत्रसुद्धा बघितलं मी. लहानसहान त्या वाचनवाल्यांना दिलं, मोठं माझ्यासाठी ठेवलं. फंडाचा उल्लेखही केला नाही, कारण तो माझाच होता." ते माझ्याकडे बघत होते. "म्हणजे राग नव्हता ना हो तिचा?"

मी म्हणालो, "फॉर्मवर तुमचंच नाव होतं."

हे खरं होतं. मी बॅगेची चेन लावली.

निघताना मी खोलीचा विषय काढून पाहिला. मास्तरांना जागा सोडावी लागते आहे, बाईंचा जीव तिथे होता, काही करता आलं तर. त्यांनी लगेच आतून पाकीट आणलं आणि मास्तरांना द्या म्हणाले. रक्कम चांगली होती, पण जागेच्या मानाने काहीच नव्हती. फंडाला मात्र ते हात लावणार नव्हते. तो त्यांनी ताईच्या आठवणीसाठी वेगळा ठेवला होता. "तिने माझ्यासाठी ठेवलेला पैसा मी कसा खर्च करू?" ते म्हणाले.

दारापर्यंत आले आणि म्हणाले, एक काम होतं. तिने माझं नाव लिहिलेला तो जुना फॉर्म, त्याची एखादी प्रत मिळेल का? तिचं अक्षर घरात कुठेच नाही.

मी पाठवतो म्हणालो.

मुदत संपली आणि खोली रिकामी झाली. गोधड्या उतरवल्या, कपाट मास्तरांच्या घरी गेलं. तिथे रस्त्याचा आवाज येतो, म्हणून रेकॉर्डिंग आता होत नाही. जुनं आहे ते मुलं ऐकतात. मी दोन शनिवार सामान हलवायला गेलो होतो. भावाला फॉर्म दाखवला नाही, हे मी मास्तरांना सांगितलं. ते कपाटाची कडी चाचपत होते. तसेच चाचपत म्हणाले, "बाईंनी तरी दाखवला असता का, कोणाला माहीत." त्यांनी माझी समजूत घातली की ठपका ठेवला, ते मी विचारलं नाही.

माझ्या कार्यभाराची यादी जवळजवळ तयार आहे. कोणती फाइल कुठे, कोणती किल्ली कशाची. बाईंचा तो झिजलेला फॉर्म कोणत्या फाइलला लावायचा, ते मात्र ठरत नाही. आला नाही म्हणावा तर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

जुन्या फॉर्मची प्रत मी काल काढली, या वेळी दोन्ही बाजूंची. आवक-जावकला अजून कोणी कायमचं माणूस दिलेलं नाही, म्हणून रजिस्टर मीच उघडलं. बाईंच्या अक्षरानंतर चार-पाच जणांची वेडीवाकडी अक्षरं आहेत. त्यांच्याखाली मी तारीख लिहिली, भावाचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. विषयाच्या रकान्यापाशी अडलो. बराच वेळ बसून शेवटी नुसतं 'प्रत' लिहिलं आणि पाकीट बंद केलं.